जर्मनीहून आणलेला ताप आणि पुण्यातला 'डेंग्यू'

इंद्रायणीकाठ | ११ ऑगस्ट, सकाळी ९.४०

लिहू की नको करत महिना गेला. आता लिहितेच.

माझा धाकटा दीर अडीच महिने कंपनीच्या कामासाठी श्टुटगार्टजवळ होता. १४ जूनला परत आला. १८ तारखेला ताप भरला, अंग मोडून आलं, डोळ्यांच्या मागे ठणकतंय म्हणाला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. प्लेटलेट ८८ हजार, पांढऱ्या पेशी २६००. डेंग्यूची एनएस१ निगेटिव्ह, पण त्या कार्डावर आयजीएमची (म्हणजे ताज्या आजारातल्या अँटिबॉडीची) रेघ फिकट उमटलेली. जून महिना, पुणे, सोसायटीत आधीच दोघांना डेंग्यू. मग काय, डेंग्यू! पपईच्या पानांचा रस, नारळपाणी, तीस रुपयांचं एक किवी. पाच दिवसांत ताप उतरला, सासूबाईंनी दृष्ट काढली आणि हा लॅपटॉप उघडून बसला.

३० जूनला पुन्हा ताप. या वेळी डोकं असं दुखत होतं की खिडकीचा पडदा सरकवला तरी ओरडायचा. उलट्या. दुसऱ्या दिवशी चहाचा कप धरता येईना, हात थरथरायला लागले. बोलताना शब्द सापडेनात. जावेला 'ताई' म्हणाला तेव्हा आम्ही गाडी काढली.

मोठ्या हॉस्पिटलात पाठीतून पाणी काढलं. १४० पेशी, बहुतेक लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. साखर नॉर्मल, प्रोटीन थोडं वाढलेलं. एमआरआय स्वच्छ. हर्पिस धरून असायक्लोव्हिर सुरू केलं, मग हर्पिसचा पीसीआर निगेटिव्ह आला. जपानी मेंदूज्वराच्या तपासणीचं उत्तर 'संदिग्ध'. टीबी असावा का, अशी कुजबुज सुरू झाली. नवव्या दिवशी एका तरुण न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी विचारलं, "जर्मनीत कुठे होता? रानात जायचा का?" आम्ही म्हटलं, सायकल चालवायचा, शनिवार-रविवार जंगलात भटकायचा. त्यांनी रक्त आणि पाठीतलं पाणी एका लॅबमार्फत परदेशी पाठवलं. सतरा दिवसांनी उत्तर आलं: गोचिडीपासून होणारा मेंदूज्वर, टीबीई.

प्रश्न असा: आधी कळायला हवं होतं का? आणि आपण घरचे लोक काय वेगळं करू शकलो असतो?

झंप्या_द_ग्रेट | ९.५२

गोचीड?? जर्मनीत?? आमच्या म्हशीला जर्मन म्हणायला हवं.
(ह. घ्या. दीर बरा आहे ना आता?)

म्युनिकवाली_मावशी | १०.३५

झंप्या, इकडे ये, आमच्या बालवाडीत उन्हाळाभर रोज संध्याकाळी पोरांचे गुडघ्यांमागचे भाग तपासायची चिठ्ठी येते.

इथे या आजाराला एफएसएमई म्हणतात. बव्हेरिया आणि बाडेन-व्यूर्टेम्बर्ग या दोन राज्यांचा बहुतेक सगळा भाग जोखमीचा धरला जातो. रॉबर्ट कॉख संस्था, म्हणजे इथली सरकारी साथरोग संस्था, दर वर्षी नकाशा काढते. श्टुटगार्ट बरोब्बर त्यातच. बसस्टॉपवर लशीच्या जाहिराती असतात. पण भारतातून दोन-तीन महिन्यांसाठी आलेल्या पोरांना कोण सांगणार? कंपनी त्यांना कचरा कसा वेगळा करायचा याचं तासभर प्रशिक्षण देते, याचं नाही.

डॉ_निवांत | ११.२०

आधी हे लिहून टाकतो की दिराला पाहिलेल्या पहिल्या डॉक्टरांची मला कीव येते आहे, राग नाही. मी तिथे असतो तर मीही डेंग्यूच म्हटलं असतं.

या आजाराचं चलनच तसं आहे. चावल्यानंतर साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी पहिला ताप. त्यात पांढऱ्या पेशी उतरतात, प्लेटलेट उतरतात, लिव्हरचे आकडे थोडे वर जातात. म्हणजे हुबेहूब डेंग्यू. ताप जातो. मधे आठवडाभर माणूस ठणठणीत. मग काहींना दुसरा ताप येतो आणि तो मेंदूत जातो. डेंग्यूत असं होत नाही. ताप उतरताना जे व्हायचं ते तेव्हाच होतं, आठ दिवस चांगले गेल्यावर डोकं फुटायला लागत नाही. तिथे थांबून विचार करायला हवा होता, एवढंच म्हणेन.

आता गंमत बघा. पहिल्या तापात रक्तात विषाणू असतो, पीसीआरने सापडतो. पण तेव्हा कोणाच्या मनातही येत नाही. दुसऱ्या तापात सगळे शोधायला लागतात तर पीसीआर बहुतेक वेळा निगेटिव्ह, कारण तोवर विषाणू रक्तातून गेलेला असतो. मग अँटिबॉडीवर भिस्त. मेंदूची लक्षणं दिसायला लागतात तोवर रक्तात आयजीएम आणि आयजीजी दोन्ही सापडतात. पाठीतल्या पाण्यात यायला आणखी काही दिवस लागू शकतात. एमआरआय बहुतेकांचा स्वच्छच निघतो, थोड्यांच्यात थॅलॅमसमध्ये, मेंदूच्या आतल्या भागात, बदल दिसतो. तेव्हा स्वच्छ एमआरआयने कोणी हुरळून जाऊ नये.

इंद्रायणीकाठ | ११.४४

@डॉ_निवांत, पण मग ती फिकट रेघ? ती खोटी?

डॉ_निवांत | १२.१०

खोटी नाही, चुलत नात्यातली. डेंग्यू, जपानी मेंदूज्वर, झिका, वेस्ट नाईल, यलो फिव्हर आणि टीबीई सगळे एकाच घराण्यातले, फ्लॅव्हीव्हायरस. एकाविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडी दुसऱ्याच्या तपासणीतही चिकटतात. पुण्या-मुंबईत वाढलेल्या माणसाला बहुधा लहानपणी कधीतरी डेंग्यू होऊन गेलेला असतो, आठवत नसला तरी. त्यामुळे त्याचं रक्त म्हणजे लग्नाचा मांडव, कोण कोणाकडचं कळत नाही. तुमची 'संदिग्ध' जपानी मेंदूज्वराची तपासणी याच मांडवातली.

जर्मन माणसात टीबीईची एलायझा (अँटिबॉडीची नेहमीची तपासणी) पॉझिटिव्ह आली की प्रश्न एकच, लस घेतली होती का. आपल्या माणसात तेवढ्याने भागत नाही, न्यूट्रलायझेशन टेस्ट लागते, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी नेमका कोणता विषाणू निकामी करतात ते बघायचं. त्यात जिवंत विषाणू हाताळावा लागतो, म्हणून ती मोजक्याच ठिकाणी होते. सतरा दिवस बहुधा त्यातच गेले.

नागपुरी_तर्री | १२.३०

धागा वाचतोय. मेंदूज्वर म्हटलं की आम्हा विदर्भवाल्यांचे कान टवकारतात. चांदीपुरा विषाणूचं चांदीपुरा आमच्या नागपूरकडचंच, १९६५ सालचं. अख्ख्या जगात गावाचं नाव झालं, पण ते असं!

कुडाळकर | १.१५

नागपूरकरानु, चांदीपुरा वाळूमाशीचा, गोचिडीचा नाय. गोचिडीचो मान आमचो.

माझं आजोळ दोडामार्ग तालुक्यात. २०१६ मध्ये तिथे माकडताप आला तेव्हा मी गावीच होतो. जानेवारी ते मे काजूचा हंगाम, बायामाणसं दिवसभर पाल्यात वाकलेली. आधी माकडं मरायला लागली. जुनी माणसं म्हणाली, माकड मेलेला दिसला तर थंय जाव नको. पण बी गोळा नाही केली तर वर्षाचा पैसा गेला. मामाला ताप आला, आधी मलेरियाची तपासणी, मग डेंग्यूची, मग लेप्टोची. पीएचसीतल्या नर्सबाईंनी आत येताच विचारलं, "खंय गेल्लंस? काजीत?" आणि रक्त पुण्याला एनआयव्हीकडे गेलं. अख्ख्या साखळीत सगळ्यात हुशार तपासणी ती होती, आणि तिला पैसे पडले नाहीत.

मामा वाचला. शेजारच्या घरातला माणूस नाही वाचला.

डॉ_निवांत | १.३२

@कुडाळकर, फार महत्त्वाचं लिहिलंत. माकडतापाचा विषाणू आणि हा जर्मन विषाणू सख्खे भाऊ म्हणावेत इतके जवळचे. त्यातही काहीजणांना मधे आठवडा-दोन आठवडे बरं वाटून दुसरा ताप येतो, त्यात मेंदूची लक्षणं दिसतात. तपासणीचं गणितही तेच: पहिल्या आठवडाभरात पीसीआर, नंतर आयजीएम.

पुस्तकी_किडा | २.०५

अवांतर, पण राहवत नाही. माकडताप १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडला, आणि शोधला आपल्या पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, जे आता एनआयव्ही आहे. माकडं मरतायत म्हटल्यावर आधी यलो फिव्हर भारतात शिरला की काय अशी भीती होती. निघाला तो रशियातल्या गोचिडी-मेंदूज्वराचा भाऊबंद. मग प्रश्न, सैबेरियातला नातेवाईक कर्नाटकात कसा? स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींतून आला असेल का? त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अलींच्या मुंबईच्या बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पक्ष्यांच्या पायात कडी घालायचा मोठा प्रकल्प चालवला. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही, पण पक्षीशास्त्राचं भलं झालं.

रशियन बाजूची गोष्ट याहून भारी. १९३७ मध्ये लेव्ह झिल्बर अतिपूर्वेच्या तैगात तुकडी घेऊन गेले, काही महिन्यांत विषाणू आणि गोचीड दोन्ही शोधून काढले, आणि परत आल्यावर स्टालिनच्या पोलिसांनी त्यांनाच उचललं.

झंप्या_द_ग्रेट | २.११

म्हणजे गोचीड सुटली, शास्त्रज्ञ आत. पॉपकॉर्न आणतो.

न्यू_जर्सीचा_नाना | ५.५०

आमच्याकडे सकाळ झाली. इथे गोचीड म्हटली की लाइम रोग. कनेटिकटमधल्या लाइम गावावरून नाव. अंगणात हरणं येतात, पहिल्या वर्षी फोटो काढतो, दुसऱ्या वर्षी शिव्या देतो. मला झाला होता. मांडीवर लाल चट्टा, रोज मोठा होत जाणारा. डॉक्टरने रक्तही तपासलं नाही, चट्टा बघून डॉक्सिसायक्लिन दिलं. म्हणाला, एवढ्यात अँटिबॉडी येतच नाहीत, तपासणी निगेटिव्ह आली तर तू उगाच निश्चिंत होशील.

इथे पोवासन नावाचाही एक विषाणू आहे, तुमच्या टीबीईचाच अमेरिकन भाऊ. क्वचित होतो, पण झाला तर वाईट.

आणि हो, गोचीड दिसली की लगेच काढली तर काही होत नाही, घाबरू नका.

म्युनिकवाली_मावशी | ६.०८

@नाना, हे लाइमपुरतं खरं, तिथे साधारण दिवसभर तरी चिकटून राहावी लागते. टीबीईचा विषाणू गोचिडीच्या लाळेत असतो, चावल्यावर काही मिनिटांतच आत जातो. लगेच काढावी हे बरोबरच, पण 'काढली, आता सुटलो' हे चूक. तुमच्या पोवासनचंही तेच ना?

न्यू_जर्सीचा_नाना | ६.१५

हो, तेही खरं. शब्द मागे.

रोखठोक | ७.२०

मला एक कळत नाही. टीबीईला औषध नाही. हर्पिसचं औषध दिलंच होतं. म्हणजे पहिल्या दिवशी निदान झालं असतं तरी उपचार तेच, सलाईन आणि वाट बघणं. मग परदेशी नमुने पाठवून एवढा खर्च आणि हा धागा कशासाठी? 'आधी कळायला हवं होतं' हा आपला छंद झालाय. डॉक्टरने जे जास्त आढळतं त्याचाच विचार आधी करायला हवा.

इंद्रायणीकाठ | ७.४१

@रोखठोक, नवव्या दिवशी टीबीची औषधं सुरू करायचा कागद आमच्यासमोर सहीला होता. वर्षभराची औषधं, लिव्हर तपासत राहा, डोळे तपासत राहा. आणि जाऊ सात महिन्यांची गरोदर, तिने वेगळं राहायचं का, यावर घरात भांडण. निदानाने ते सगळं थांबलं. यालाही काही किंमत असेल ना?

डॉ_निवांत | ८.०५

@रोखठोक यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, जे जास्त आढळतं ते आधी हे खरंच. पण रानात जाऊन आलेल्या माणसाच्या यादीत औषध असलेले आजारही असतात, ते सुटले तर गुन्हा आहे. लाइमचा मेंदूज्वर, त्यात कधी तोंड वाकडं होतं, कधी रात्री पाठीत आणि पायात वीज चमकल्यासारखं दुखतं. त्याला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन किंवा डॉक्सी आहे. रिकेट्सिया नावाच्या जंतूंचे ताप, त्यांनाही डॉक्सी. हर्पिसचं औषध तर तपासणीची वाट न पाहता सुरू करायचं असतं, ते त्या हॉस्पिटलने बरोबर केलं. टीबीईत साखर नॉर्मल राहते, टीबीत बहुधा उतरते, हा धागा पकडता आला असता. पण टीबी आपल्याकडे इतका आहे की मी त्यांना दोष देणार नाही.

आणि सगळ्यात ढोबळ गोष्ट. युरोपातून आलेल्या माणसाला आपण 'स्वच्छ' धरतो. आफ्रिकेतून आला असता तर पहिल्याच दिवशी दहा प्रश्न विचारले असते. मीसुद्धा.

सह्याद्री_भटक्या | ८.३०

+१. मागच्या वर्षी हिमाचलात ट्रेक करून आलो, आठ दिवसांनी ताप. मुंबईत सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी चड्डीसकट सगळे कपडे काढायला लावले. जांघेत सिगरेटचा चटका बसावा तसा काळा डाग, मला पत्ताच नव्हता! दुखत नाही ना तो. स्क्रब टायफस. दोन दिवसांत डॉक्सीने ताप गायब. हीच ना ती गोचीड?

कुडाळकर | ८.३८

नाही हो, ती चिगर, एक बारीक कोळीकीटक. गोचिडीची चुलत बहीण समज.

झंप्या_द_ग्रेट | ८.४४

या धाग्यात सगळे एकमेकांचे चुलत लागतात. आता जेवणावळ घाला.

सिरियस प्रश्न: गोचीड काढताना रॉकेल लावायचं की काडीचा चटका द्यायचा? आमच्याकडे गुरांना दोन्ही करतात.

म्युनिकवाली_मावशी | ९.०२

दोन्ही नाही!! बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला लागून पकडायची आणि सरळ वर ओढायची. चटका, तेल, नेलपॉलिश यांनी ती चिडते आणि पोटातलं आत ओकते. इथे औषधाच्या दुकानात त्यासाठी खाचेचं प्लास्टिकचं कार्डही मिळतं, माझ्या पर्समध्ये बसच्या पासाशेजारी असतं.

आणि लस! तीन डोस, दुसरा एक ते तीन महिन्यांनी, तिसरा त्यानंतर पाच ते बारा महिन्यांनी. घाई असेल तर दुसरा डोस दोन आठवड्यांतही देतात, डॉक्टरांना विचारा. इथे जोखमीच्या भागात राहणाऱ्यांचा खर्च आरोग्य विमा बहुधा देतो. ऑस्ट्रियाने १९८० च्या दशकात लशीची मोहीम काढली, तिथले रुग्ण धाडकन कमी झाले. लशीने लाइम थांबत नाही, ते वेगळं. आणि कच्चं शेळीचं दूध, त्याचं चीज पिऊ-खाऊ नका. स्लोव्हाकियात १९५१ मध्ये रोझनावा गावी दुधातूनच सहाशेहून जास्त लोकांना हा आजार झाला होता.

सोवळी_मिसळ | ९.३०

माझा भाऊ सप्टेंबरात प्रागला चाललाय. लिंक पाठवली. वाखूसा (वाचनखूण साठवली).

इंद्रायणीकाठ | १२ ऑगस्ट, सकाळी ८.१५

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येते. एक गोष्ट अजून टोचते. हॉस्पिटलात भरती करताना फॉर्मवर 'परदेश प्रवास' असा रकाना होता. मीच भरला होता तो. लिहिलं, 'जर्मनी'. बस्स. केव्हापासून केव्हापर्यंत, कुठलं गाव, काय करायचा, काही नाही. आणि भरती करणाऱ्या डॉक्टरांनी त्यावर नुसती बरोबरची खूण केली.

डॉ_निवांत | ८.५०

तुम्ही लिहिलंत हेच पुष्कळ. पुढच्या वेळी (न येवो) एका कागदावर तारखा लिहा: गेलो कधी, आलो कधी, ताप कधी, उतरला कधी, परत कधी. खाली रान, शेत, पाण्यात पोहणं, कच्चं दूध, जनावरं, सोबतचं कोणी आजारी, घेतलेल्या सगळ्या लशी. लशी का, तर यलो फिव्हर किंवा जपानी मेंदूज्वराची लस घेतली असेल तर तो मांडव आणखी भरतो. आणि चावल्याचं आठवत नसेल तरी रानाचं सांगा. टीबीईच्या बऱ्याच रुग्णांना गोचीड आठवतच नाही. तिची पिल्लं तिळाएवढी असतात.

आणखी एक. पहिल्या तापातलं रक्त लॅबमध्ये काही दिवस ठेवलेलं असतं. मेंदूची लक्षणं दिसताच धावत जाऊन 'तो नमुना फेकू नका' म्हणा. पहिला आणि दुसरा शेजारी शेजारी तपासले की अँटिबॉडी चढत गेल्या का ते दिसतं, आणि जुना डेंग्यू बाजूला काढता येतो.

रोखठोक | ९.१०

हे नमुन्याचं मला माहीत नव्हतं. धन्यवाद. दिराची तब्येत?

इंद्रायणीकाठ | ९.३५

हात अजून थरथरतो, पण सही करता येते. दुपारी फार थकतो. आवाज सहन होत नाही, त्यामुळे घरात मिक्सर बंद आणि सासूबाईंना पाटा-वरवंट्याचं निमित्त मिळालंय. जावेला परत नावाने हाक मारतो. फिजिओ रोज येतात. सहा महिने तरी लागतील म्हणाले.

काल रात्री त्याला हा धागा वाचून दाखवला, तुकड्या-तुकड्यांत. मावशींचं कार्ड ऐकून एकदम उठून बसला. म्हणाला, घरमालकीण आजी मे महिन्यात रोज दारात उभी राहून त्याच्या पायमोज्यांकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, "त्सेकन, त्सेकन!" याला वाटायचं, चेक कर म्हणते आहे, बुटाची नाडी सुटली असेल. तो खाली बघायचा, नाडी ओढायचा, 'या, या' म्हणायचा आणि सायकलवर बसायचा.

म्युनिकवाली_मावशी | ९.४१

अरे देवा. त्सेकन म्हणजे गोचिडी.

इंद्रायणीकाठ | ९.४३

हो. कालच कळलं त्याला.